आवाजाची फेक सोडा, तालीम सोडू नका

प्रश्न : मी २९ वर्षांचा आहे, नागपूरला महालात राहतो. हिंगणा एमआयडीसीतल्या एका कंपनीत हिशेबाचं काम करतो. आठ वर्षांपासून हौशी नाटकं करतोय, राज्य नाट्य स्पर्धेत दोनदा अभिनयाचं प्रमाणपत्र मिळालं. यंदा वडशाच्या एका नाट्यकंपनीकडून झाडीपट्टीच्या (पूर्व विदर्भात गावोगावी रात्रभर चालणाऱ्या नाटकांच्या) पूर्ण हंगामासाठी बोलावणं आहे. मध्यंतरी एका ऑडिओबुक कंपनीला आवाजाचा नमुना पाठवला होता. ‘नाटकी वाटतं, आणि खोली ऐकू येते’ एवढंच उत्तर आलं. ३० हजार रुपये बाजूला टाकलेत, त्यात भारीतला माइक घेऊ का? नोकरी सोडून नाटक आणि ऑडिओबुक यांवर जगता येईल का?
– एक रंगकर्मी, महाल

उत्तर :

तुम्हाला आलेलं उत्तर तुटक आहे, पण ते कामाचं आहे. त्यात दोन दोष सांगितलेत आणि दोन्हींचं मूळ बहुधा एकच आहे. तुम्ही माइकपासून लांब राहून शेवटच्या रांगेसाठी बोललात.

सायंटिफिक सभागृहात स्पर्धेचा प्रयोग करताना शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायची सवय अंगात मुरलेली असते. तोच आवाज खोलीत माइकसमोर लावला की रेकॉर्डिंगची पातळी लाल रेषेवर जाते, आवाज फाटतो. मग माणूस नकळत मागे सरकतो, दोन-अडीच फुटांवर जातो. तिथे माइकला तुमचा आवाज जेवढा ऐकू येतो, जवळपास तेवढाच भिंतींवरून आणि फरशीवरून परतलेला आवाजही ऐकू येतो. हीच ती ‘खोली’. तोंड आणि माइक यांतलं अंतर निम्मं केलं की थेट येणारा आवाज साधारण ६ डेसिबलनं वाढतो. परतणारा आहे तेवढाच राहतो. म्हणून १५ ते २० सेंटिमीटरवर बसायचं, म्हणजे अंगठा आणि करंगळी ताणून होते तेवढी एक वीत. बोलायचं ते समोर टेबलापलीकडे बसलेल्या एकाच माणसाशी बोलावं तसं. मध्ये पॉप फिल्टर (फुंकर अडवणारी जाळी) हवा. माइक तोंडाच्या थेट रेषेत न ठेवता थोडा बाजूला वळवला की ‘प’, ‘फ’, ‘भ’चे फुंकर-धक्के लागत नाहीत. पातळीचे उंच टोक उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये राहील असा गेन (माइकचा आवाज किती उचलायचा ते बटण) लावा आणि पुस्तक संपेपर्यंत त्याला हात लावू नका.

आता ३० हजारांचं. भारीतला माइक घेऊ नका. चांगला कंडेन्सर माइक (बारीकसारीक आवाजही टिपणारा) वाईट खोली अधिक स्पष्ट ऐकवतो, एवढंच. निदान सहा-सात हजार आधी खोलीवर घाला. उरलेल्यात ऑडिओ-टेक्निका एटी२०२० च्या पातळीचा माइक, फोकसराइट स्कार्लेट सोलोसारखा एका माइकपुरता इंटरफेस, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणारी पेटी (कंडेन्सर माइकला लागणारा ४८ व्होल्टचा पुरवठा त्यातूनच मिळतो), कान पूर्ण झाकणारे, आवाज बाहेर न सोडणारे हेडफोन, स्टँड आणि पॉप फिल्टर एवढं बसवता येतं. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पहिली दोन-तीन पुस्तकं त्यावर आरामात होतात.

खोली निवडताना घरातली सगळ्यात आतली, लहान, कपड्यांनी भरलेली जागा शोधा. कोटा फरशी असेल तर खाली सतरंजीवर गादी टाका. बसायच्या जागेच्या मागे, दोन्ही बाजूंना आणि डोक्यावर जाड गोधड्या किंवा रजया लावा, पण भिंतीला चिकटवून नको. भिंत आणि गोधडी यांत १०-१५ सेंटिमीटर मोकळी जागा सोडली की आवाज जास्त शोषला जातो. पाठीमागची गोधडी सगळ्यात महत्त्वाची, कारण माइकचं तोंड तिकडेच असतं. अंड्यांचे ट्रे चिकटवू नका, ते बाहेरचा आवाजही अडवत नाहीत आणि आतला घुमाराही फारसा कमी करत नाहीत. शेजारची रहदारी, मंदिराचा भोंगा, वरच्या मजल्यावरचं मिक्सर यांवर गोधडीचा उपाय नाही. त्यावर उपाय एकच, वेळ. महालासारख्या दाट वस्तीत पहाटे साडेचार ते सात हीच खरी रेकॉर्डिंगची वेळ.

आणि कूलर. एप्रिल ते जूनमध्ये नागपुरात कूलर बंद करून बंद खोलीत बसणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. तुमचा बंद केला तरी शेजाऱ्याचा खिडकीतला कूलर रात्रभर घरघरत असतो. त्या दिवसांत २०-२५ मिनिटांचे तुकडे करा, मध्ये दार उघडा, घाम पुसा, पाणी प्या. पंखा ‘अगदी हळू’ लावून रेकॉर्ड करायचा मोह टाळा. तो गुरगुराट नंतर नॉइज रिडक्शननं काढायला गेलात की आवाजाला पाण्याखालून बोलल्यासारखी झाक येते, आणि ती पुढे कशानंच जात नाही. इन्व्हर्टरवर चालू असलेल्या सामानाची गुणगुणसुद्धा रेकॉर्डिंगमध्ये येते. वीज गेली की थांबा, किंवा लॅपटॉप त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर चालवा.

खोली झाली की नाही हे कानानं ठरवू नका, मोजा. दहा सेकंद गप्प बसून रेकॉर्ड करा आणि त्या शांततेची आरएमएस (सरासरी) पातळी बघा. ती उणे ६० डेसिबलच्या खाली हवी. ऑडिबल या ऑडिओबुक कंपनीच्या एसीएक्स या निर्मिती-मंचाचे निकष बरेच लोक आधाराला धरतात. त्यात आवाजाची सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबल, उंच टोक उणे ३ च्या खाली, शांततेची पातळी उणे ६० किंवा त्याहून कमी, ४४.१ किलोहर्ट्झ, १९२ केबीपीएसची एमपी३ फाइल. तुम्ही ज्या कंपनीकडे जाल तिचे निकष वेगळे असू शकतात, ते आधी लेखी मागून घ्या. रेकॉर्डिंग मात्र २४ बिटच्या वेव्ह फाइलमध्येच करा. एमपी३ सगळ्यात शेवटी.

इथवरचं सगळं महिन्याभरात जमतं. ‘नाटकी वाटतं’ याला वेळ लागेल, म्हणून तिकडे सविस्तर येऊ.

एक साधं वाक्य घ्या : ‘दार उघडं असूनही तो आत गेला नाही.’ मोठ्यानं वाचा आणि रेकॉर्ड ऐका. रंगमंचावर वाक्याच्या सुरुवातीला जोर देऊन शेवट सोडून द्यायची सवय पुष्कळांना असते, कारण तिथे उरलेलं काम देहबोली करते. ‘दार’ ठणठणीत येतं, ‘आत गेला’पर्यंत श्वास उतरतो आणि ‘नाही’ घशातच राहतं. मराठीत क्रियापद आणि नकार दोन्ही वाक्याच्या शेपटाला असतात. शेवट गिळला की अर्थच उलटा होतो, आणि इयरफोन लावून बसमध्ये उभ्या असलेल्या माणसाला तुमची मान हललेली दिसत नाही. रोज एक पान फक्त वाक्यांचे शेवट ऐकण्यासाठी वाचा. शेवटचा शब्द मोठा करायचा नाही, त्याच्यापर्यंत श्वास शिल्लक ठेवायचा.

दुसरं, भावना कुठे ठेवायची. समजा मजकूर असा आहे : ‘आजीनं कंदील खाली ठेवला. म्हणाली, “तुझा बाप येऊन गेला. थांबला नाही.”’ नट म्हणून तुमचा पहिला बेत ठरलेला असेल : आवाज कापरा, ‘थांबला’च्या आधी लांब विराम, ‘नाही’वर हुंदका. रंगमंचावर हे चालतं, कारण तिथे तो प्रसंग त्या संध्याकाळी एकदाच घडतो. पुस्तक आठ तास चालणार आहे. पाचव्या मिनिटाला आवाज कापरा झाला तर तिसऱ्या तासाला, जिथे आजी खरोखर कोसळते, तिथे तुमच्याकडे काहीच उरत नाही. इथे निवेदकानं ‘कंदील खाली ठेवला’ हे अगदी सरळ सांगावं. आजीचं वाक्य थोडं हळू, थोडं खालच्या पट्टीत, दोन छोट्या वाक्यांमध्ये एक साधा श्वास. बस्स. ऐकणारा स्वतः हलतो, त्याला हलवावं लागत नाही.

पात्रांचे आवाज काढताना हाच संयम हवा. पुरुष नटांनी बाईच्या संवादाला बारीक आवाज लावू नये, ते विनोदी होतं. पट्टी जेमतेम एखाद्या सुरानं बदला. फरक गतीत, शब्दांमधल्या जागेत आणि बोलण्याच्या ठामपणात दाखवा. दहा पात्रांच्या कादंबरीत तीन-चार जणांचाच आवाज ओळखू येईल असा वेगळा ठेवला तरी पुरतो. त्या प्रत्येकाचं एक वाक्य वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि ते पात्र पुन्हा येईल तेव्हा आधी ती फाइल ऐका. बारा दिवसांनी मामाचा आवाज नेमका कसा होता हे आठवत नाही, कितीही पाठांतर पक्कं असलं तरी.

उच्चारांबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं. आपल्याकडे वऱ्हाडीच्या प्रभावानं ‘ळ’चा ‘य’ आणि ‘ण’चा ‘न’ होतो, ‘काळा’चं ‘काया’ आणि ‘पाणी’चं ‘पानी’ होतं. त्यात कमीपणा काही नाही. उलट वऱ्हाडी संवाद असलेलं पुस्तक आलं तर तुमच्याइतकं अस्सल ते पुण्या-मुंबईचा नट वाचू शकणार नाही, आणि ही गोष्ट नमुन्यासोबतच्या पत्रात ठळक सांगा. पण प्रमाण भाषेतल्या निवेदनात ही अक्षरं सांभाळावी लागतात, आणि दोन्हींत मनासारखं ये-जा करता आली पाहिजे. ‘च’, ‘ज’, ‘झ’चे दोन-दोन उच्चार आहेत : ‘चमचा’तला वेगळा, ‘चित्र’मधला वेगळा, ‘जागा’ आणि ‘जेवण’ही तसेच. ‘संवाद’, ‘संशय’, ‘सिंह’ यांतला अनुस्वार ‘न’ किंवा ‘म’ म्हणून ठोकून बोलू नका. हे नाटकात खपून जातं. कानाशी लागलेल्या आवाजात तेच खडे लागतात, आणि तपासनीस प्रत्येक खडा दुरुस्तीला परत पाठवतो.

तालीम मात्र जशीच्या तशी उपयोगी पडते, आणि इथेच रंगकर्मी इतरांच्या पुढे जातो. पुस्तक आधी पूर्ण वाचा. नवव्या प्रकरणात लेखक लिहितो ‘नेहमीच्या घोगऱ्या आवाजात तो म्हणाला’, आणि तुम्ही त्याला आठ प्रकरणं मधाळ वाचलेलं असतं. मग आठ प्रकरणं पुन्हा. दुसऱ्या वाचनात पेन्सिल घ्या : श्वासाच्या जागा, लांब वाक्यात कर्ता कुठे आणि क्रियापद कुठे, कोण बोलतंय. व्यक्तींची, गावांची नावं, परभाषेतले शब्द यांची वेगळी यादी काढून लेखकाला किंवा प्रकाशकाला एकदाच विचारा. आकडे आणि संक्षेप कसे बोलायचे हेही आधी ठरवा. १९४२ ला ‘एकोणीसशे बेचाळीस’ म्हटलं की शेवटपर्यंत तेच.

पाठांतराची सवय इथे आड येते, हे लक्षात असू द्या. नट चाळीस दिवस एक संहिता मुरवतो. इथे रोज तीस पानं डोळ्यांनी उचलून तोंडानं सोडायची असतात. डोळे तोंडाच्या चार-पाच शब्द पुढे हवेत. त्यासाठी वर्तमानपत्राचा अग्रलेख आधी न वाचता, थेट रेकॉर्ड करत वीस मिनिटं रोज वाचा आणि अडखळणं मोजा. पानामागे एक-दोनवर आलात की पुस्तक हाती घ्या.

रेकॉर्डिंगची पद्धत ‘पंच अँड रोल’ ठेवा. चूक झाली की थांबायचं, चुकीच्या आधीच्या वाक्याच्या शेवटी कर्सर न्यायचा, आधीचे दोन-तीन सेकंद हेडफोनमध्ये ऐकत त्याच सुरात शिरायचं. ऑडॅसिटीत ही सोय आहे. सलग वाचून चुका नंतर कापत बसलात तर संपादनाला दुप्पट वेळ जातो. जिभेचे, ओठांचे चटचट आवाज येत असतील तर ते बहुतेक कोरड्या तोंडाचे असतात. पाणी रेकॉर्डिंगच्या तासभर आधीपासून घोट-घोट घ्या. चहा आणि दूध टाळा. हिरव्या सफरचंदाची फोड चघळली की लाळ पातळ होते. तर्री-पोहे खाऊन माइकसमोर बसू नका, पित्त वर येतं आणि घसा सारखा खाकरावा लागतो. खाकरण्यानं स्वरतंतू आणखी सुजतात, त्यापेक्षा एक घोट गिळा. कांजीचे कडक कपडे, घड्याळ, चरचरणारी प्लास्टिकची खुर्ची बाहेर. हातवारे मात्र करा, ते बांधून ठेवले की आवाजही आखडतो.

आता पोटापाण्याचं. ऑडिओबुकचं मानधन सहसा तयार झालेल्या तासावर ठरतं, तुमच्या कष्टाच्या तासांवर नाही. मराठी निवेदनाची गती मिनिटाला साधारण १२० शब्द धरली तर ६० हजार शब्दांची कादंबरी ५०० मिनिटांची, म्हणजे आठ तास वीस मिनिटांची होते. नवख्या माणसाला एका तयार तासामागे तयारी धरून तीन-चार तास वाचन-रेकॉर्डिंगचे आणि संपादन स्वतः करायचं असेल तर आणखी तीन तरी तास लागतात. म्हणजे हे एक पुस्तक ५० ते ६० तासांचं काम आहे. कुणी तासाचा आकडा सांगितला की त्याला सहा-सातनं भागा, मग तुमच्या नोकरीच्या तासाशी तुलना करा. हे गणित बघता पहिली दोन वर्षं नोकरी सोडू नका, असंच आमचं स्पष्ट मत आहे. पहाटे दीड तास रेकॉर्डिंग, सुटीच्या दिवशी संपादन, या वेगानं एक पुस्तक दोन महिन्यांत होतं. वर्षाला चार-पाच पुस्तकं नियमित मिळू लागली, त्याच कंपनीनं दुसऱ्यांदा बोलावलं, की मग विचार करा.

झाडीपट्टीचा निर्णय त्याहून अवघड आहे. तो हंगाम दिवाळीनंतरच्या मंडईंपासून (गावजत्रांपासून) होळीपर्यंत चालतो; गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाची गावं, रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत. प्रत्येक नाईटचे पैसे मिळतात आणि समोर हजारोंचा प्रेक्षक असतो. नटासाठी एवढी मोठी शाळा दुसरी नाही. पण नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच नागपुरात रेकॉर्डिंगचे सोन्यासारखे महिने, ना कूलर ना पंखा ना पाऊस. राज्य नाट्य स्पर्धाही त्याच दिवसांत. रात्रभर उघड्यावर ओरडलेला आवाज दुसऱ्या दिवशी खर्जात बसलेला असतो आणि तिसऱ्या दिवशी थोडा वर येतो. त्या तीन दिवसांत वाचलेली तीन प्रकरणं तीन वेगळ्या माणसांनी वाचल्यासारखी लागतात. तेव्हा हंगाम घेणार असाल तर त्या काळात एकाही पुस्तकाची तारीख स्वीकारू नका. पूर्ण हंगामासाठी नोकरी तर सोडावीच लागेल, म्हणून यंदा नाट्यकंपनीला सुट्यांच्या आसपासच्या पाच-सहा नाईट मागून बघा. नाहीच म्हणाले तर यंदा स्पर्धेचं नाटक आणि पहाटेचं रेकॉर्डिंग हीच जोडी ठेवा. स्पर्धेला तालमी भरपूर आणि प्रयोग मोजके असतात, ते आवाजाला झेपतं. मात्र प्रयोगानंतरचे दोन दिवस माइक बंद. आणि घोगरेपणा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही तर काढे-गुळण्या पुरे करून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून स्वरतंतू तपासून घ्या.

करारावर सही करण्याआधी पाच गोष्टी वाचा. दुरुस्तीच्या किती फेऱ्या मानधनातच धरल्यात. संहितेतलाच मजकूर बदलला तर त्याचे पैसे वेगळे मिळणार का. पैसे काम दिल्यावर की प्रसिद्ध झाल्यावर. ‘प्रसिद्ध झाल्यावर’ असेल तर तारखेची मर्यादा घालून घ्या. निवेदक म्हणून नाव जाणार का. आणि तुमच्या रेकॉर्डिंगवरून कृत्रिम आवाज तयार करायची परवानगी कुठल्या कलमात दडलीय का. ही परवानगी देऊ नका. दिलीच तर स्वतंत्र कागदावर, स्वतंत्र मोबदल्यात. मानधनातून १० टक्के टीडीएस कापला गेला तर विवरणपत्र भरताना त्याचा हिशेब लागतो, हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे.

अनुभवासाठी नागपुरात वाटा आहेत. आकाशवाणीच्या नागपूर केंद्राची नभोनाट्यासाठीची स्वरपरीक्षा द्या. माइकसमोर नटानं काय आवरायचं हे तिथे लवकर कळतं. अंध विद्यार्थ्यांसाठी काम करणाऱ्या संस्थांना पाठ्यपुस्तकं वाचून हवी असतात. कॉपीराइट कायद्यात त्यांच्यासाठी सवलत आहे, आणि कंटाळवाणा परिच्छेद ऐकण्याजोगा करण्याचं शिक्षण त्यातून मिळतं तसं कादंबरीतून मिळत नाही. विदर्भातल्या ज्या लेखकांचे ध्वनिहक्क (ऑडिओबुक काढायचे हक्क) त्यांच्याकडेच आहेत त्यांनाही भेटा, विदर्भ साहित्य संघात अशी माणसं भेटतात. परवानगी लेखी घ्या आणि हक्क प्रकाशकाकडे गेलेले नाहीत ना, हे त्यांच्या जुन्या करारात बघा.

नवा नमुना तीन महिन्यांनी पाठवा. त्यात वाचायला लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं उलटलेलं साहित्य निर्धास्त वापरता येतं. आपल्या सावनेरला १९१९ मध्ये वारलेले राम गणेश गडकरी, किंवा त्याच वर्षी गेलेले हरि नारायण आपटे. नाटकातला उतारा नको, तुमचं नाटक ऑडिओबुक कंपनीनं ऐकलंय. एक मिनिट शांत निवेदन, एक मिनिट दोन पात्रांचा संवाद, एक मिनिट माहितीपर गद्य, या क्रमानं. पार्श्वसंगीत नको. सुरुवातीला अर्धा सेकंद खोलीची शांतता, शेवटी एक-दोन सेकंद. फाइलच्या नावात तुमचं नाव आणि ‘मराठी’ एवढंच. सोबतच्या पत्रात त्यांच्या मागच्या शेऱ्याचा उल्लेख करा, खोलीची शांततेची पातळी आकड्यात लिहा आणि वऱ्हाडी संवाद येतात हे सांगा. पाठवण्याआधी तीच फाइल स्वस्तातल्या नेहमीच्या इयरफोनवर, सीताबर्डीच्या गर्दीत चालत एकदा ऐका. जिथे शब्द निसटेल तिथे वाक्याचा शेवट पुन्हा रेकॉर्ड करा.